सुईनें मनाची बोळवण नको

एखाद्याचा पाय मोडला तर शेजारीपाजारी धांवून येतात. कोणी वाहन आणतो, कोणी खिशांतले पैसे पुढें करतो, कोणी रुग्णालयांत रात्रभर बसतो. त्याच मनुष्याचें मन मोडलें तर तेच शेजारी "विसरून जा, होईल सारें ठीक" एवढें बोलून आपापल्या घरीं जातात. विसरणें हें जणूं कांहीं एखादें औषध आहे आणि तें न घेणारा रोगीच हट्टी आहे, अशा थाटांत हा उपदेश चाललेला असतो. अलीकडे या उपदेशास एक नवी पुरवणी जोडली जाऊं लागली आहे : "विसरतां येत नसेल तर दहापंधरा वेळां सुया टोचून घ्या." चीन देशांतून आलेली अ‍ॅक्युपंक्चर नांवाची चिकित्सा, जिला आपण सूचिवेध म्हणूं, ती गुडघेदुखी व कंबरदुखी यांच्या ओसरीवरून उठून आतां मनाच्या माजघरांत शिरूं पाहत आहे. तिला तेथें येऊं द्यावें कीं नाहीं, आणि द्यावयाचें तर कोणत्या अटींवर, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमचा पक्ष आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे वाचकांस अखेरपर्यंत तर्क करीत बसावें लागणार नाहीं. सूचिवेध हा मानसोपचाराचा सोबती म्हणून चालेल; त्याच्या गादीवर बसलेला चालणार नाहीं. या मतानें सुईचे भक्त आणि सुईचे निंदक असे दोन्ही पक्ष आमच्यावर रुष्ट होतील. त्यास आमचा इलाज नाहीं. दोघांचेंहि म्हणणें आम्ही लक्षपूर्वक ऐकलें आहे, आणि जिच्यासाठीं हा सारा वाद चालला आहे ती दुखावलेली व्यक्ति दोघांच्याहि बोलण्यांत आम्हांस कोठें दिसली नाहीं.

प्रथम आघात म्हणजे काय तें पाहूं. मनावर आघात झालेला मनुष्य वेडा नसतो. त्याची बुद्धि शाबूत असते. तो हिशेब चोख ठेवतो, कचेरींत जातो, पाहुण्यांचें आगतस्वागत करतो. मात्र घडून गेलेली गोष्ट त्याच्या लेखीं घडून गेलेली नसते. दार आपटलें कीं तो दचकतो. रात्रीं तोच प्रसंग पुन्हां पुन्हां स्वप्नांत येतो. ती वाट, ती जागा तो टाळतो, आणि शेवटीं माणसांसच टाळूं लागतो. १९१४-१८ च्या महायुद्धांत खंदकांतून परतलेल्या सैनिकांची ही दशा पाहून डॉक्टरांनीं तिला 'शेल-शॉक' म्हटलें. १९८० सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनीं 'आघातोत्तर तणावविकार' अशा अर्थाच्या नांवाखालीं तिला आपल्या अधिकृत यादींत स्थान दिलें. हें दुःख बोलण्यानें हलकें होतें, ही ओळख तर याहूनहि जुनी आहे. व्हिएन्नाच्या ब्रॉयर व फ्रॉइड या डॉक्टरांनीं १८९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, एका रुग्ण स्त्रीनेंच आपल्या चिकित्सेस 'बोलण्याचा उपचार' असें नांव दिल्याचें नमूद आहे. फ्रॉइडचे कित्येक सिद्धान्त पुढें मोडीत निघाले. पण हा एक मुद्दा टिकला. आघाताच्या स्मृतीसच हात घालून, शिकलेल्या माणसाच्या सोबतीनें, बेताबेतानें तिला सामोरें जाणें हाच आजहि प्रमुख उपचार मानला जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१३ सालीं त्याचीच शिफारस केली आहे.

आतां आपल्या नगर जिल्ह्याकडे वळूं. २०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. दुःखें जुनींच आहेत. वेड्यांविषयीं या जिल्ह्यास कणव नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. राहुरीस १९३६-३७ सालीं मेहेरबाबांनीं वेड्यांसाठीं आश्रम चालविला आणि त्यांस आपल्या हातांनीं न्हाऊं घातलें. आज शिंगवे येथें डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची माउली ही संस्था रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांस घर देते. परंतु जो वेडा झालेला नाहीं, नुसता आंतून मोडला आहे, त्याची दाद कोणाकडे? तो मोडलेला दिसत नाहीं, हाच त्याचा अपराध. ६ नोव्हेंबर २०२१ रोजीं नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून त्या दिवशीं कोरोनाचे ११ रुग्ण मृत्यु पावले. भरपाईच्या रकमा वर्तमानपत्रांत छापून आल्या. ज्यांनीं आपलीं माणसें त्या धुरांत गमावलीं त्यांच्या झोपेचा हिशेब कोण छापणार?

किंवा दुसरें उदाहरण घ्या. समजा, पाथर्डीकडचा एक 'कोयता' (नवराबायकोच्या जोडीस तिकडे हेंच नांव आहे) मुकादमाकडून उचल घेऊन प्रवराकांठच्या कारखान्यावर ऊंसतोडीस गेला. रात्रीं मोळ्या वाहतांना गाडी उलटली आणि त्या बाईचें मूल तिच्या डोळ्यांदेखत गेलें. उचल फिटेपर्यंत परत जाण्याची सोय नाहीं. तेव्हां चौथ्या दिवशीं ती पुन्हां फडांत. पुढें वर्षभर तिचें डोकें दुखतें, छातींत धडधडतें, हातपाय गार पडतात. ती डॉक्टरकडे जाते ती डोकेंदुखीसाठीं. मूल गेल्याचें ती सांगत नाहीं, आणि कोणी विचारीतहि नाहीं. या बाईस डोळ्यांसमोर ठेवून पुढील वाद वाचावा, अशी आमची विनंति आहे.

सुईच्या निंदकांचें म्हणणें असें कीं, हें सारें थोतांड आहे. भगतानें मोरपीस फिरविलें काय आणि वैद्यानें सुई टोचली काय, सारखेंच. हें म्हणणें जितकें ठसक्याचें आहे तितकें अभ्यासाचें नाहीं. १९७७ सालीं अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें कीं, सूचिवेधानें होणारी वेदनेची घट नॅलॉक्सोन नांवाच्या औषधानें उलटवितां येते. हें औषध अफूच्या जातीच्या द्रव्यांचा परिणाम रोखणारें. तेव्हां सुईच्या टोचण्यानें शरीर आपलींच वेदनाशामक द्रव्यें सोडीत असावें, असा तर्क त्यावरून निघाला. आघाताच्या विकारावरहि प्रयोग झाले आहेत. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ८४ रुग्णांचे तीन गट केले होते : एकास सूचिवेध, दुसऱ्यास गटांत बसून मानसोपचार, तिसऱ्यास नुसती प्रतीक्षा. पहिले दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले आणि तिसरा मागें राहिला. २०२४ सालीं त्याच संशोधकांच्या प्रमुखानें ९३ माजी सैनिकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत कांहींस खऱ्या विधीनें व कांहींस खोट्या विधीनें सुया लावल्या होत्या. खऱ्या सुयांचा गट अधिक सुधारला. ज्या चिकित्सेचे असे प्रयोग होतात आणि जी त्यांत टिकते, तिला मोरपिसाच्या पंक्तीस बसविणें हा बुद्धिवाद नव्हे, आळस आहे.

परंतु भक्तांनीं इतक्यांत आरती ओंवाळूं नये. तोच २०२४ चा प्रयोग पुढें वाचा. खोट्या सुया लावलेला गटहि बराच सुधारला होता. याचा अर्थ काय? आठवड्यांतून दोनदां ठरल्या वेळीं कोणी आपली वाट पाहतें, अंगास सांभाळून हात लावतें, तासभर शांत पडूं देतें, यांतच अर्धा गुण आहे. म्हणजे सुईच्या यशांत माणसाचा वांटा मोठा आहे. आणि जो वैद्य एका खोलींत सहा खाटा मांडून, रुग्णाचें नांवहि न विचारतां सुया टोचून पुढच्या खाटेकडे वळतो, तो या प्रयोगाचा दाखला भिंतीवर लावण्यास पात्र नाहीं. शिवाय ९३ आणि ८४ हे आंकडे लहान आहेत. अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीं झालेल्या २०२३ च्या मार्गदर्शनांत, सूचिवेधाच्या बाजूनें वा विरुद्ध शिफारस करण्याइतका पुरावा नाहीं, असेंच म्हटलें आहे. आशा बाळगण्यास तो पुरेसा आहे. 'हमखास गुण' असा फलक रंगविण्यास नाहीं.

भक्तांचा दुसरा आधार कायद्याचा. महाराष्ट्रानें या चिकित्सेसाठीं २०१५ चा कायदा केला, परिषद व नोंदवही यांची व्यवस्था केली, आणि २०१९ सालीं केंद्र सरकारनेंहि तिला स्वतंत्र पद्धति म्हणून मान्यता दिली. हें योग्यच झालें. नोंदवही नसल्यापेक्षां असलेली बरी. पण नोंदवहीनें काय ठरतें? सुई कोणाच्या हातांत द्यावी एवढेंच. आघाताची परीक्षा त्या हातास येते असें त्यांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं. गवंड्याचा परवाना मिळाला म्हणून कोणी विहिरीचें पाणी तपासूं लागत नाहीं.

तिसरा आधार अभिमानाचा. ही विद्या मूळची आमचीच, सुश्रुतानें सिरावेध सांगितला आहे, असें कांहीं मंडळी छाती फुगवून सांगतात. सुश्रुताचा सिरावेध म्हणजे शीर उघडून रक्त काढणें. बारीक सुया टोचून ठेवण्याशीं त्याचें नातें नांवापुरतें आहे. दुसरे कांहींजण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचें पुण्यस्मरण करतात. कोटणीस १९३८ सालीं चीनला गेले ते शस्त्रवैद्य म्हणून, आणि १९४२ सालीं तेथेंच वारले. ही विद्या १९५९ च्या सुमारास कलकत्त्यास आणली ती त्यांच्याच पथकांतील डॉ. बसू यांनीं. आणि समजा, ती सुश्रुताची किंवा कोटणीसांची असती, तरी त्यामुळें पाथर्डीच्या बाईची झोप परत आली असती काय? औषधाचें कुलगोत्र पाहून गुण ठरविण्याची ही खोड आतां सोडावी. अफवेचें बळ किती असतें याचा याच विषयांतला दाखला आहे. १९७१ सालीं जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकारानें पेकिंगमध्यें झालेल्या आपल्या आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेची हकीकत लिहिली. शस्त्रक्रिया नेहमींच्या बधिर करणाऱ्या औषधानें झाली होती. सुया टोचल्या त्या मागाहून पोट दुखूं लागल्यावर. जगानें मात्र सुईच्या बळावर पोट उघडल्याची कथा रचली आणि ती अजून सांगितली जाते.

आतां सर्वांत गोड दिसणाऱ्या आणि म्हणूनच सर्वांत घातक अशा युक्तिवादाकडे येऊं. "गुण येवो न येवो, अपाय तर नाहीं ना? मग काय बिघडलें?" अपाय नाहीं हें प्रथम खरें नाहीं. अडाणी हातानें छातीवर सुई खोल गेल्यास फुप्फुसास इजा होते; सुई निर्जंतुक नसल्यास रोग जडतो. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला आहे तिला, अनोळखी माणसानें झोपवून अंगास हात लावणें हेंच त्या प्रसंगाची आठवण जागी करणारें होऊं शकतें. पण हे अपाय सावधपणानें टाळतां येतील. खरा अपाय निराळाच आहे.

सुई घरांतल्या माणसांस आवडते, कारण ती कांहीं विचारीत नाहीं. बोलण्याचा उपचार म्हटला कीं प्रश्न येतात. प्रश्नांमागून उत्तरें येतात. आणि उत्तरांत कधीं दिराचें, कधीं सासऱ्याचें, कधीं शेजारच्या प्रतिष्ठित गृहस्थाचें नांव येतें. सुईच्या खाटेवर असें कोणतेंहि संकट नाहीं. सून निमूटपणें पडून राहते, थोडी शांत होऊन घरीं येते, चार दिवस भांडीं आदळीत नाहीं, आणि घर म्हणतें, "पाहा, गुण आला." ज्या घरांत तिला मार बसला त्याच घरांत तिला शांत करून परत पाठविणें यास आम्ही उपचार म्हणत नाहीं. ही मनाची बोळवण झाली. रडणाऱ्या मुलास बोंडलें तोंडांत देऊन गप्प करावें, तसाच हा प्रकार. आणि हें पाथर्डीच्या झोपडींतच घडतें अशी सुशिक्षितांनीं समजूत करून घेऊं नये. सावेडीच्या बंगल्यांत तर तें अधिक सफाईनें घडतें, कारण तेथें झांकण्यासारखें अधिक असतें.

"मग तुम्ही सुईस अजिबात मज्जाव कां करीत नाहीं?" असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या समाजाच्या स्वभावांत आहे. आमच्याकडे दुःख अंगांतून बोलतें. 'मी खचलें आहें' असें म्हणण्याची सोय ज्या बाईस नाहीं, तिला 'माझें डोकें उठलें आहे' असें म्हणण्याची सोय आहे. मनाच्या डॉक्टरकडे जाणें म्हणजे कपाळीं वेडाचा शिक्का. डोकेंदुखीसाठीं सुई टोचून घेण्यास मात्र सासूहि आडवी येत नाहीं. तेव्हां अंगाच्या दारानें मनापर्यंत पोंचतां येत असेल तर तें दार बंद करणें शहाणपणाचें नाहीं. दुसरें कारण उपचाराच्या आंतलें आहे. आघाताच्या आठवणीस सामोरें जाणें सोपें नसतें. पुष्कळ रुग्ण दोनचार बैठकींनंतर तें सोसत नाहीं म्हणून येणें सोडतात. ज्याची झोप उडाली आहे आणि छाती सतत धडधडत आहे त्यास बोलतें करण्यापूर्वीं जरा थारा द्यावा लागतो. तो थारा सूचिवेधानें मिळत असेल, तर मानसोपचारकानें तो आनंदानें घ्यावा. न्यूयॉर्कच्या लिंकन रुग्णालयांत १९७४ पासून व्यसनी लोकांसाठीं जी पद्धति वाढली, तींत फक्त कानावरच्या पांच जागीं सुया लावतात; रुग्ण अंगावरच्या कपड्यांनिशीं खुर्चीवर बसलेला असतो, आणि अनेकजण एकत्र बसतात. आमच्या संकोची स्त्रियांस यांहून सोयीचा प्रकार कोणता?

म्हणून आम्ही अटी घालतों, आणि त्या प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें आपल्या माणसास सुईसाठीं पाठविण्यापूर्वीं विचारून घ्याव्या. पहिली अट : मनाची परीक्षा प्रथम मनाच्या जाणकारानें करावी, सुई मागाहून यावी. दुसरी : चालू असलेलें औषध सुईवाल्याच्या सांगण्यावरून बंद होतां कामा नये. तिसरी : सुई टोचणारा नोंदलेला असावा, सुई एकदांच वापरून टाकण्याची असावी, आणि रुग्णाची संमति दर खेपेस विचारली जावी, आज 'नको' म्हटलें तर आज नाहीं. चौथी : रुग्ण परवानगी देईल तेवढेंच एका उपचारकानें दुसऱ्यास सांगावें, पण तेवढें सांगावेंच, दोघे एकमेकांस ओळखतच नसतील तर तो संयुक्त उपचार नव्हे. पांचवी : जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार येत असतील तर सुईची वाट न पाहतां डॉक्टर गांठावा; सरकारनें २०२२ पासून १४४१६ हा दूरध्वनि त्यासाठींच ठेवला आहे. सहावी : ठराविक बैठकींनंतर झोप, दचकणें, माणसांत मिसळणें यांचा हिशेब घ्यावा, आणि फरक नसेल तर थांबावें.

यावर शेवटचा आक्षेप येईल, आणि तो खरोखर वजनदार आहे. "मनाचा जाणकार आणावयाचा कोठून?" जिल्हा १४ तालुक्यांचा, क्षेत्रफळ १७,००० चौरस किलोमीटरांच्या वर, २०११ च्या गणनेप्रमाणें लोकसंख्या ४५ लाखांवर. राज्याचीं जुनीं मोठीं मनोरुग्णालयें चार : पुणें, ठाणें, नागपूर व रत्नागिरी, त्यांपैकीं येथें एकहि नाहीं. देशांत लाख लोकांमागें पुरता एक मनोविकारतज्ज्ञहि येत नाहीं. तेव्हां जे जवळ आहे तें घ्यावें, सुई तर सुई, असें आक्षेपकांस वाटतें.

पण हें उत्तर देण्याचा अधिकार सर्वांत कमी कोणास असेल तर तो नगर जिल्ह्यास. याच जिल्ह्यांतील जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं काम सुरूं केलें, तेव्हां तेथेंहि डॉक्टर नव्हते. त्यांनीं डॉक्टरांची वाट पाहिली नाहीं. खेड्यांतल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित अशा बायकांस त्यांनीं आरोग्याचें शिक्षण दिलें. त्या बायकांनीं बाळंतपणें सुरक्षित केलीं, मुलें वांचविलीं, आणि गांवाच्या अंधश्रद्धांशीं झुंज दिली. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. जी बाई नाळ कापण्यास शिकूं शकते ती ऐकण्यासहि शिकूं शकते. शेजारच्या गोव्यांत २०१० व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनीं हेंच दाखविलें : साध्या, पण नीट शिकविलेल्या सल्लागारांनीं उदासीनतेनें ग्रासलेल्या रुग्णांस बोलण्याच्या उपचारानें बरें होण्यास हातभार लावला. झिंबाब्वेंत तर आजीबायांनीं बाकावर बसून तें केलें, आणि त्याचा पडताळा २०१६ सालीं छापून आला. हे प्रयोग उदासीनतेचे व चिंतेचे आहेत, आघाताचे नव्हेत, हें आम्ही विसरत नाहीं; आघाताच्या कठीण रुग्णांस तज्ज्ञाकडे पाठवावेंच लागेल. पण कोणास पाठवावयाचें हें ओळखणारें माणूस तरी गांवांत असेल कीं नाहीं? २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें प्रत्येकास अशा सेवेचा हक्क दिला आहे. हा हक्क कागदावरून खालीं उतरावयाचा तर तो सुयांच्या पेट्यांनीं उतरणार नाहीं, ऐकणारीं माणसें तयार करूनच उतरेल.

सुईचे वर्ग जागोजागीं निघत आहेत, निघोत. त्यांतल्या प्रत्येक विद्यार्थ्यास ऐकण्याचेंहि शिक्षण दिलें जावें, आणि प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयांत आठवड्याचा एक दिवस तरी मनाच्या जखमांसाठीं राखला जावा, ही मागणी आमच्या सुशिक्षित वर्गानें केली पाहिजे. ती त्यानें केली नाहीं, याचें कारण आम्हांस ठाऊक आहे : आपल्याच घरांतील एखाद्या खोलीचें दार आपण वर्षानुवर्षें उघडलेलें नाहीं.

तें दार आजच उघडावें. बहिणीस, सुनेस, युद्धावरून आलेल्या भावास, आईविना वाढलेल्या पुतण्यास सुईकडे पाठविण्यापूर्वीं, त्याच्याजवळ बसून "काय झालें होतें?" एवढें विचारावें. तो बोलणार नाहीं. मग दुसऱ्या दिवशीं पुन्हां बसावें. त्यानंतर सुई लावावयाची तर खुशाल लावावी.